अर्धी जनावरं

कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करून तिचं पोट बघत. तांब्या असो, चप्पल असो, नाहीतर कुणा पोरानं टाकलेला प्लॅस्टिकचा वाघ. अंगठ्याचं नख पोटावरून फिरवायचं आणि म्हणायचं, "हितनं जोडलंय. म्हंजे हितनंच सुटणार."

मी त्यांच्याकडे भाकऱ्या करायला जायचे. मंगळवार पेठेतलं बैठं घर, नवरा-बायको दोघंच, मुलगी लग्न होऊन पुण्याला. जन्मभर ते कारखान्यात होते. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा नमुना करावा लागतो, ते त्यांचं काम. काम सुटल्यावर पुरुषमाणूस देवळात जाऊन बसतो, नाहीतर बायकोच्या डोक्यावर बसतो. हे दोन्हीकडे बसले नाहीत. गल्लीतल्या पोरांची रंग उडालेली, शेपूट तुटलेली खेळण्यातली जनावरं गोळा करून सोप्यात बसले.

असल्या जनावराच्या अंगावर नाकापासून शेपटीपर्यंत साच्याची रेघ असते. तुमच्या घरात असेल तर बघा. ते बारीक आरीनं बरोबर त्या रेघेवर कापत. एका हत्तीचे दोन होत, एक डावीकडे तोंड केलेला, एक उजवीकडे. पोकळ पोटात प्लास्टर भरायचं, मागं लाकडाची पट्टी, वरून ऑइलपेंट. एक अर्धा भिंतीवर लागायचा, दुसरा फळीवर जपून ठेवायचे.

"हे कशाला?" मी एकदा विचारलं.

"घर शोभतंय की, आक्का."

"अर्ध्या जनावरानं?"

"भिंतीला टेकल्यावर अर्धं हाय ते कुणाला दिसतंय?"

लोक हसायचे आणि घेऊन जायचे. कुणाकडे गेंड्याच्या शिंगाला किल्ल्या, कुणाकडे जिराफाच्या गळ्यात कॅलेंडर. माझ्या दारावर अर्धा घोडा आहे. मी मागितला नव्हता.

वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, यातलं काही आवडत नव्हतं. "आईबापानं माझं लगीन लावलंया का मला रानात सोडलंया," म्हणायच्या. बाई तोंडाची फटकळ आणि मानी.

मग त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही, राहिलेली सांभाळा. तीही राहिली नाही. नजर गेल्याचं त्यांना एवढं लागलं नाही, जेवढं कुणी हात धरल्याचं लागायचं. नवऱ्यानं धरला तर झटकायच्या, मी धरला तर शिवी द्यायच्या. "न्हाणीत हात धरून न्ह्यायला मी काय नवी नवरी हाय?" मग त्यांनी वेगळीच युक्ती काढली. पाणीच प्यायचं बंद केलं. पाणी नको, न्हाणी नको, कुणाचा हात नको. ओठ फुटले, जीभ वाळली, तरी हट्ट सोडेनात.

एके दिवशी मी गेले तर भिंतींवरची सगळी जनावरं खाली उतरली होती. जिथं डोळा जातो तिथनं निघून जिथं हात पडतो तिथं आली होती. निजायच्या खोलीच्या दाराला ससा. स्वयंपाकघराला हत्ती. मागल्या बोळात दोन दारं शेजारी-शेजारी आहेत, आधी परड्याचं, म्हणजे मागच्या अंगणाचं, आणि पुढं न्हाणीचं. परड्यात उतरायला तीन दगडी पायऱ्या. दोन दारांच्या मधल्या खांबावर बदक.

"हे खाली का आलं सगळं?" वहिनींनी चाचपून विचारलं.

"रंगवाय काढलं हुतं. बसवताना चुकून खाली बसलं."

"डोळं माझं गेल्यात. तुमचं बी गेलं?"

एवढंच. त्या माणसानं कुणासाठी केलं ते सांगितलं नाही, आणि बाईनं कळलं असं दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत असताना त्या आत आल्या, हत्तीच्या पाठीवर हात घासून, आणि घागरीतून पेलाभर पाणी घेऊन उभ्या-उभ्या प्याल्या. मी तव्यावरची भाकरी उलटली. बोलले असते तर पेला फेकून मारला असता.

बरेच दिवस असं चाललं. मग गौरी आल्या.

गौरीला घर सजवायचं ते काम वहिनींच्या नवऱ्याचंच असायचं. त्या वर्षी सगळ्या जनावरांना नवा रंग दिला. देताना त्यांच्या मनात आलं की गौर दर्शनी दारातून आत येणार, तर घरातल्या सगळ्या जनावरांची तोंडं तिच्याकडे पाहिजेत. लक्ष्मी घरात येते आणि हत्ती तिच्याकडे पाठ करून उभा, हे काही बरं नव्हे. आता अर्धं जनावर नुसतं फिरवलं तर उलटं होतं, पाय वर. पण प्रत्येकाचा दुसरा अर्धा फळीवर होताच. त्यांनी भिंतीवरचे काढले आणि दुसरे लावले. देवाचं काम म्हणून मन लावून केलं.

बायका पंचगंगेवरून डहाळ्यांची गौर घेऊन आल्या. गाणी चाललेली. मी आत नैवेद्याच्या भाकऱ्या करत होते, शेजारी शेपूची भाजी शिजत होती. पाय धुवायला, पाणी घ्यायला बायकांची मागं ये-जा, परड्याचं दार सताड उघडं. एवढ्यात मागं धप्पकन आवाज आला.

वहिनी पायऱ्यांच्या खाली पडल्या होत्या. उजवा हात अंगाखाली, मनगट मोडलेलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बदक फिरलंय."

त्याचा अर्थ संध्याकाळी कळला, प्लास्टर घालून आल्यावर. त्या नुसत्या जनावर कुठलं ते बघत नव्हत्या. चोच जिकडं, तिकडं न्हाणी. बोटांनी चोच बघायची आणि तिकडं वळायचं. आता चोच गौरीकडे झाली होती. म्हणजे परड्याकडे.

ते समोर बसले होते. म्हणाले, "चोचीचं मला कधी बोलली न्हाईस?"

"तुम्हीच केलंय म्हटल्यावर तुमाला ठावं असंल."

"मला कुठलं ठावं? दिसाया बरं दिसलं म्हणून तसं लावलं हुतं."

वहिनींनी प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "आँ. मला वाटलं, इचार करून लावलंया."

मोडलेल्या मनगटापेक्षा ते वाईट होतं. मला त्यांच्याकडे बघवलं नाही, म्हणून मी भांडी घासायला उठले.

गौरी गेल्यावर नवऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांना टॉवेल बांधला. खरंच बांधला. हातात पेचकस घेऊन घरभर फिरले. सशाजवळ थांबायचे, चाचपायचे, पुटपुटायचे, मग टॉवेल न काढताच स्क्रू सोडायचे. दोनदा कपाटाला धडकले. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. हात प्लास्टरमध्ये होता तोवर वहिनींना न्हाणीत मी नेत होते आणि रोज नवीन शिवी खात होते. त्या मधल्या दिवसांत त्यांनी एकेक जनावर परत लावलं, बायकोला विचारून. "हत्तीची सोंड कुठं पाहिजे?" "कडीकडं." "सशाचं कान?" "कसं बी असूंद्या, सशाचं मी बघत न्हाई."

प्लास्टर निघालं. वहिनी परत आपल्या आपण हिंडायला लागल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. दुपारी चहा पिऊन आडवे झाले आणि उठले नाहीत. आजारपण नाही, कुणाची सेवा नाही. बरं झालं म्हणायचं.

मुलगी आली. दिवस झाल्यावर म्हणाली, "आई, पुण्याला चल. लिफ्ट हाय, पायऱ्या न्हाईत."

"तुझ्या दारांवर काय हाय?"

"दारांवर काय असणार? सनमायका हाय."

"मग मला न्हाणी कुणी दावायची?"

"मी हाय की."

"त्येच नको," वहिनी म्हणाल्या.

मुलगी रडली, मग चिडली, मग मला दिवसभर थांबायला सांगून गेली. आईच्या मागं मागं राहा, म्हणाली. माझेही गुडघे गेले आहेत. उभं राहून भाकरी होत नाही, पाटावर बसून उठवत नाही. एका म्हातारीच्या मागं दुसरी म्हातारी, असं चाललं आहे.

आज सकाळीही त्या उठल्या. मी मागं गेले. बोळात भिंतीला हात लावत बदकापाशी आल्या, दोन बोटांत चोच धरली, वळल्या, आत गेल्या आणि कडी घातली. मी बाहेर थांबले.

आतून आवाज आला, "उभी राहू नको तिथं. तुझा श्वास ऐकू येतोय."

मी चुलीपाशी गेले.