अधू दात आणि माझा होकार

माझे समोरचे दात इतके पुढे होते की चाळीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या घरी नारळ खवायला विळी नको. मी वरवर हसायचे, आतून जळायचे. एकोणिसाव्या वर्षापर्यंत दोन स्थळांनी नकार कळवला, तेव्हा बाबा मला डिलाईल रोडहून गिरगावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

बाबा गिरणी कामगार आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे पक्के वारकरी. “मुंबईचा निकाल मुंबईकराला न विचारता लावतात म्हणजे काय?” हे आमच्याकडे रोज भाताबरोबर वाढलं जायचं.

डॉक्टरांनी दात तपासले. तार बांधून मागे घेता येतील, पण दोन वर्षं लागतील, दुखेल, नीट घासले नाहीत तर किडतील, असं सांगितलं. नंतर प्लेट लावली नाही तर पुन्हा पुढे येतील. शिवाय लहानपणी मी जिन्यावरून पडले होते, तेव्हा मार बसलेल्या एका दाताचं मूळ अधू होतं. “हा ओढ सोसेलच असं नाही. जाऊही शकतो.”

“तुम्ही म्हणाल ते बरोबर, डॉक्टरसाहेब. सही कुठे करू?” बाबांनी विचारलं.

डॉक्टरांनी कागद मागे ओढला. “तिला विचारलंत?”

“तिला काय विचारायचं? तिच्या भल्याचंच आहे.”

माझा फटकळपणा आडवा आला. “दिल्लीवालेपण असंच म्हणतात, बाबा.”

बाबांनी सहीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मलाच म्हटलं, “आठ दिवस विचार कर. मग काय काय बिघडू शकतं ते तुझ्या तोंडून मला सांग. सही त्यानंतर.”

घरी येताना बाबांनी जन्मात पहिल्यांदा विचारलं, “तुका काय वाटता गो?” मला भर रस्त्यात रडू आलं. आठ दिवसांनी मी सगळे धोके घडाघडा सांगितले आणि हो म्हटलं.

वर्षभरात तो अधू दात खरंच गेला. डॉक्टरांचा चेहरा पडला, तर मीच म्हटलं, “तुम्ही सांगितलं होतंत.” मला राग आला नाही. आज तिथे खोटा दात आहे, आणि त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

पुढे तिसरं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी बैठकीतच पसंती सांगितली आणि बाबांचा होकार मागितला.

“थांबा,” बाबा उठत म्हणाले, “आधी तिला विचारून येतो.”