आबांची पाण्याची पाळी

नंदाक्काचा पियानो हलवणारी आमी चौघं. बारामतीत चहाला बसलो की एकानं तोंड उघडायचा अवकाश, दुसऱ्याला पुढचं आठवतंच. लोकांना वाटतं आमी फेकतोय. फेकायला डोकं लागतं, आमच्याकडं नुसते खांदे हायत!

*

नंदाक्का माझी चुलत बहीण, अंथुर्ण्याची. परदेशातल्या मोठमोठ्या हॉलात वाजवून आली, पण शिकली बारामतीतल्या एका म्हाताऱ्या बाईंकडं. त्या बाईंनी आपला जुना पियानो तिला दिला. तो मीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातला, चारी बाजूंनी उसाचं पाचट कोंबून. अन् सवयीनं ट्रॅक्टर नेला थेट साखर कारखान्याच्या रांगेत. काट्यावरच्या साहेबानं मान वर न करता विचारलं, "उसाची व्हरायटी कुठली?"

*

आबा म्हंजे अक्काचे वडील. महिनाभर पियानोकडं लांबूनच बघायचे. एका संध्याकाळी लाईट गेली, तरी अक्का वाजवतच होती. आबा बॅटरी घेऊन आले, वाकून पियानोखाली बघितलं. म्हणाले, "लाईटीबिगर चालतंय? मग ऱ्हाऊ दे."

अक्काला त्यांच्याकडून मिळालेलं कौतुक तेवढंच.

*

आबा तिच्या एकाही कार्यक्रमाला गेले न्हाईत. दरवेळी पाण्याची पाळी. कालव्याचं पाणी ठरल्या दिवशीच येतं, त्या दिवशी दारं धरायला, म्हंजे पाटाचं पाणी सरीसरीत वळवायला, माणूस नसला की ऊस वाळला म्हणून समजा. एकदा परदेशात लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हा अक्कानं आनंदानं घरी फोन लावला. आबा रानात होते. पाट फुटलाय, नंतर बोल म्हणाले अन् फोन ठेवला. हे तिनं आमाला टेम्पोत हसत हसत सांगितलं. मग इंदापूर येईस्तोवर खिडकीतनं ऊस बघत बसली.

*

आबांचा बांधाशेजारी बापूराव. बांधावरून कोर्टात केस, बारा वर्षं आबा त्याच्याशी बोलले न्हाईत. एकदा बापूरावाची बायको बांधावर थांबून पियानो ऐकत होती. आबांनी उठून खिडकी लावली. अक्कानं उठून उघडली, परत वाजवायला बसली.

*

मागच्या साली अक्काच्या उजव्या हाताची दोन बोटं ऐकंनाशी झाली. डॉक्टरनं वाजवणं बंद करायला सांगितलं. तिनं बारामतीत शेवटचा कार्यक्रम ठरवला. आबांना एकदाच म्हणाली, "ह्यापुढं मी न्हाई वाजवणार, आबा. एकदा या."

आबांनी कॅलेंडर बघितलं. नेमकी त्याच दिवशी पाळी. बघू म्हणाले. आमाला लई राग आला त्यांचा.

त्या दिवशी अक्कानं पहिल्या रांगेत एक खुर्ची मोकळी ठेवली होती. दुसरी धून चालू असताना मागचं दार उघडलं. आबा! मी आधी पाय बघितले, चिखल नव्हता. टोपी हातात धरून शेवटपर्यंत त्या खुर्चीवर बसले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

संपल्यावर अक्का खाली आली. टाळ्यांकडं लक्षच दिलं न्हाई, सरळ आबांपाशी गेली.

"आबा, आज पाळी होती ना? पाणी?"

"बापूरावाला दिलं."