त्रेसष्ट घरांची राखण

रविवार, १२ मे २००२. रक्कम चारशे सोन्याची नाणी. हजर: मी, माझी मुलगी आणि मुंबईहून सुटीला आलेली माझी भाची. बायको स्वयंपाकघर आणि ओटी यांच्यामध्ये ये-जा करत होती, तेव्हा तिला अर्धी हजर धरायला हरकत नाही. नाणी खरी नव्हती. मुलीच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेली होती. तरी ती कुठे खर्च करायची यावर आमच्या घरात दोन तास वाद झाला, म्हणून नोंद करतो.

भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कपड्यांपेक्षा जड असं एक झेरॉक्स पुस्तक आणि वीस बाजूंचा एक फासा घेऊन ती आमच्या रत्नागिरीच्या घरी आली होती. खेळ तिने चालवायचा. जंगल, राक्षस, संकटं सगळी तिच्याकडे. मुलीने एक गाव वसवायचं आणि जगवायचं. गाव बुडालं की खेळ संपला.

माझी मुलगी दहावीची परीक्षा देऊन बसली होती. गणिताचा पेपर वाईट गेल्यापासून ती घरात हो-नाही एवढंच बोलत असे. भाची आल्यापासून ती बोलायला लागली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने त्रेसष्ट घरं काढली, दोनशे नव्वद माणसांची यादी केली, विहीर काढली, डोंगराच्या उतारावर आंब्याची कलमंही लावली. भाची गुरुवारी परत जाणार होती. तोवर गाव टिकावं, एवढीच मुलीची इच्छा होती, आणि ती मला दिसत होती.

मी पुरवठा खात्यात नोकरीला. माणशी किती धान्य लागतं हे मला झोपेतही सांगता येतं. त्यामुळे मी ते पुस्तक सहज चाळायला घेतलं आणि माझं डोकं फिरलं. राक्षसांचे प्रकार पानोपानी. कुणाला किती दात, कुणाची शेपटी किती हात, सगळं मोजून दिलेलं. पण भात कोण लावतं, सरपणाला कोण जातं, याचा एका ओळीतही उल्लेख नाही.

"तुझ्या जंगलात राक्षस किती?" मी भाचीला विचारलं.

"मोठे तीन, मामा. शिवाय खाडीकडे सरडेमाणसं आहेत."

"एक राक्षस रोज काय खातो?"

तिने पान उलटलं. "एक बैल."

"गावात गुरं चाळीस. म्हणजे तेरा दिवस. चौदाव्या दिवशी हे माणसं खाणार. मग हे गाव वर्षभर तरी उभं राहील कसं?"

"मामा, खेळ आहे हो हा."

"खेळ असला म्हणून भागाकार बदलतो काय?"

आतून बायको म्हणाली, "त्या राक्षसांना रेशनकार्ड देऊन टाका एकदाचं, आणि आंघोळीला जा."

मुलगी मात्र हसली नाही. "मग बाबा, तुम्हीच सांगा. चारशे नाणी आहेत. कुंपणाची भिंत बांधू?"

मी भिंतीचे चिरे मोजले. चारशे नाण्यांत गुडघ्याएवढी भिंत झाली असती, आणि गुडघ्याएवढ्या भिंतीला राक्षस भीत नाही. तेव्हा मी ठरवलं, वीस नाण्यांना एक याप्रमाणे हंगामापुरते वीस राखणे ठेवायचे. मुलीने लिहून घेतलं. "कुठे उभे करू?"

आता मे महिना. आमच्याकडे मे महिन्यात राखणा कुठे उभा करतात हे विचारावं लागत नाही. मी सोळा राखणे कलमांत ठेवले आणि चार वेशीवर.

भाचीने फासा टाकला. सरडेमाणसं खाडीकडून विहिरीवर आली. तिथे एकही राखणा नव्हता. एकतीस माणसं गेली, सत्तावीस घरं जळली. ती जेवढ्या शांतपणे सांगत होती, तेवढा माझा संताप वाढत होता, आणि तो काढायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मुलीने खोडरबर घेतला आणि एकेक घर पुसायला लागली. सत्तावीस पुसून झाल्यावर म्हणाली, "बाबा, आंबे वाचले."

एवढं बोलून ती उठली. दुपारी जेवली नाही.

सोमवारी कचेरीतून घरी आलो तर खेळ पुढे सरकला होता. तिन्ही राक्षस वेशीवर येऊन थांबले होते. वहीत नाणी शून्य. उरलेली छत्तीस घरं रात्रीच्या जेवणापर्यंत जाणार हे दोघी धरूनच चालल्या होत्या, आणि मुलगी पुन्हा हो-नाहीवर आली होती.

बायको ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "राखण दिली होती का या गावाने?"

"काय दिली होती?" भाचीने विचारलं.

"राखण. आमच्या माहेरी, मंडणगडाकडे, दर वर्षी गावच्या शिवेवर देतात. नारळ, कोंबडा, ज्याची जशी ऐपत. रानात जो कोण आहे त्याचं त्याला पोचलं की तो गावात येत नाही. उलट बाहेरच्याला अडवतो."

"मामी, पुस्तकात असं नाहीये."

इथे मात्र मला राहवलं नाही. "पुस्तकात नाहीच असणार! अगं, दोन दिवस मी हेच विचारतोय. एवढे राक्षस आणि मध्ये गाव, हा हिशेब बसतो कसा? असाच बसतो. देणारे ठरवून देतात, घेणारा ठरवून घेतो, नाहीतर चौदाव्या दिवशी गावही नाही आणि राक्षसही उपाशी. लिहिणाऱ्याने अशा गावात एक पावसाळा काढला असता तर हे पहिल्या पानावर घातलं असतं."

भाचीने फासा मुलीपुढे ठेवला. "ठीक आहे. वर्षाला बारा बकरे, राक्षसामागे चार. फाशावर पंधराच्या वर आलं तर ते मान्य करतील."

"वहीत लिहून राखण होत नाही," बायको म्हणाली. "आधी द्यायचं, मग मागायचं."

मी वैतागलो. खोट्या राक्षसांना खरा नारळ! पण मुलगी चप्पल घालून उभी राहिली होती. आम्ही दोघांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून आठ रुपयांना नारळ आणला, सोललेला नको म्हणून बायकोने एकदा परत पाठवलं, आणि मुलीने तो आमच्या आवाराच्या दगडी गडग्याच्या टोकाशी ठेवला. मागे वळून बघायचं नसतं म्हणून आम्ही दोघं सरळ घरात आलो. मला बघायचं होतं.

मुलीने फासा टाकला. सतरा.

भाचीने पुस्तक मिटलं. मुलीने पेन्सिलीला टोक केलं, वेशीवर राखण ठेवायला एक दगड काढला आणि आईकडे आठळ्या उकडून मागितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ जागेवर नव्हता. माकडांनी नेला की रस्त्यावरच्या कुणी, मी चौकशी केली, कळलं नाही. तर शेवटी दिलं ते असं: वहीत वर्षाला बारा बकरे, तीन राक्षसांना, प्रत्यक्षात एक नारळ, रुपये आठ, घेणारा अज्ञात. पावती नाही.