फुग्यातली मानाची जागा

जावयाला आमच्याकडे कोणी ‘उठा’ म्हणत नाही. बसा म्हणतात, अजून एक घ्या म्हणतात, दोन दिवस राहा म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, पोट पुढे आलं, तरी वालूरला सासुरवाडीत पहिला पाट माझाच. परभणीच्या ज्या कार्यालयात मी कारकुनी करतो, तिथे शिपाईसुद्धा मला ‘जरा सरका’ म्हणतो. त्यामुळे हा मान मला आवडायचा, हे कशाला नाकारू?

दोन हिवाळ्यांपूर्वी सासऱ्यांनी हुरड्याला बोलावलं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दुधना नदीच्या बाजूच्या शेतात हुरड्याचं पर्यटन सुरू केलं होतं. कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, बैलगाडीची फेरी असं सगळं होतंच. त्या वर्षी त्याने गरम हवेचा फुगाही आणला होता. सासऱ्यांनी आम्हा चौघांसाठी जागा धरून ठेवल्या: ते, सासूबाई, माझी बायको आणि मी.

फुग्यात बसायची हौस खरी सासऱ्यांची. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. हातात खडू घेतला की पुस्तक न उघडता ते फळ्यावर सबंध जिल्हा काढायचे. आता त्यांना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्याने नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसायचं. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आदल्या दिवशी अंगणात बसून ते मला म्हणाले, “जावईबापू, मी सबंध नोकरीभर दुधना वरून काढली. वरून बघितली मातर कधीच न्हाई. डोळा हाय तोवर एकदा बघून घेतो.”

मला तर स्टुलावर चढून पंखा पुसायचीही भीती वाटते. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. जावई म्हणून मिळणाऱ्या मानात भित्रेपणाला जागा नसते.

पहाटे शेतावर पोचलो तेव्हा फुगा जमिनीवर आडवा पसरला होता आणि मोठ्या पंख्याने त्यात हवा भरणं चाललं होतं. पायलट राजस्थानातला, तापट माणूस. ज्वारीची पोती मोजायच्या काट्यावर त्याने आम्हाला एकेक करून उभं केलं. माझ्या वेळी काट्यावरचा आकडा थांबेचना. सासूबाईंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

“चारों आ जाएंगे,” पायलट म्हणाला, “पर अभी के अभी. हवा ठंडी है तब तक.”

आणि इथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं. जावई पहिल्यांदा आकाशात चाललेला, त्याला बोडक्याने कसं पाठवायचं? सासऱ्यांनी पिशवीतून नवा फेटा काढला. बांधणार ते स्वतः. दिसत कमी, म्हणून बोटांनी चाचपत, एकेक पीळ मनासारखा बसेपर्यंत उलगडून पुन्हा बांधत होते. मग सासूबाईंनी कुंकू लावलं. मग निरांजन पेटवायला घेतलं, तसा पायलट लांबून ओरडला, कारण बाजूलाच गॅसच्या टाक्या होत्या. ते झाल्यावर नारळ. शेतमालक त्यांचाच जुना विद्यार्थी. गुरुजींच्या जावयाचा मान चाललेला, मध्ये कोण तोंड घालणार?

पायलटने सूचना सांगितल्या त्या याच वेळात. उतरताना कसं उभं राहायचं, कशाला धरायचं, बाहेर कधी यायचं. माझी बायको पुढे उभी राहून ऐकत होती. माझे दोन्ही कान फेट्यात होते. अधूनमधून ‘घुटने’ एवढं ऐकू आलं आणि मी मान डोलावली.

आम्ही चौघं फुग्याच्या टोपलीत चढलो तोवर ऊन तुरीच्या शेंड्यांवरून खाली उतरलं होतं. पायलटने माझ्या फेट्याचा पाठीवर सोडलेला शेमला सदऱ्यात खोचायला लावला, बर्नरच्या आगीजवळ लोंबतं काही नको म्हणून. मग वर बघून, झाडाच्या पानांकडे बघून त्याने नकारार्थी मान हलवली. बाहेरची हवा तापली की फुगा तेवढं वजन उचलत नाही, असं त्याने चिडून समजावलं. मघाशी चौघं चालले असते, आता चालणार नाहीत. “या तो दो लोग उतरो,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवलं, “या ये साहब अकेले.”

उतरायला मिळालं तर देव पावला, असं माझ्या मनात आलं. पण टोपलीभोवती हुरड्याला आलेले पाहुणे मोबाईल धरून उभे होते. फेटा बांधून, कुंकू लावून चढलेला जावई तसाच खाली येतो, हे त्यांनी बघितलं असतं. मी टोपलीच्या काठाकडे बघत राहिलो.

“जावयाला कुठं उतरवतेत का?” सासरे म्हणाले. लगेच म्हणाले. त्यांनी टोपलीला पाय ठेवायच्या खाचा चाचपल्या आणि खाली उतरले. सासूबाईंना हात दिला. “आमचं काय, आमी मागून गाडीत येतो. तुमी बघा, आन् आल्यावर सांगा.”

बायकोने माझ्याकडे बघितलं. ‘अहो, तुम्ही उतरा ना,’ एवढंच तिला म्हणायचं असणार. माहेरच्या माणसांसमोर ती ते म्हणू शकली नाही. आणि मी, एकट्याच्या वजनापायी दोन म्हाताऱ्यांना उतरवून, मानाने उभा राहिलो.

बर्नर भडकला. डोक्यावर भाकरी भाजावी तशी आच आली आणि पायांखालची जमीन सुटली. त्या क्षणी मी डोळे मिटले आणि टोपलीच्या कोपऱ्यात दोरीला धरून खाली बसलो. वर किती गेलो, कुठून गेलो, मला माहीत नाही. बायकोचा आवाज येत होता. “अहो बघा की. दुधना दिसायलीय. ती बघा आपली शाळा.” मी डोळे उघडले नाहीत. मनातल्या मनात मारुतीचं नाव घेत होतो आणि खाली गाडीतून मान वर करून बघणारे सासरे डोळ्यांसमोरून जात नव्हते.

वारा वाढला, तसं पायलटने लवकर उतरायचं ठरवलं. तो ओरडला. बायको पाठ फिरवून, गुडघे मोडून, दोरी धरून तयार झाली. मी नेमका तेव्हा उभा राहिलो. टोपली हरभऱ्यात आदळली, फरफटली, कलंडली, आणि मी सगळाच्या सगळा बायकोच्या हातावर पडलो. तिचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी मला पहिलं सुचलं ते बाहेर पडायचं. “कोई नहीं निकलेगा!” पायलट किंचाळला. एक जड माणूस उतरला तर फुगा उरलेल्यांना घेऊन पुन्हा उचलला जातो, हे त्याने सकाळीच सांगितलेलं होतं. ते मला ठाऊक नव्हतं. बायकोने चांगल्या हाताने माझा पट्टा धरून ठेवला, म्हणून मी आत राहिलो.

सेलूला जाऊन तिचा हात प्लास्टरमध्ये घातला. संध्याकाळी वालूरच्या घरी शेजारीपाजारी जमले. बायको उशीला टेकून वडिलांना सांगायला लागली. दुधना कुठे वळते, वाळू कुठे उघडी पडलीय, गाव वरून केवढंसं दिसतं. वेदना होत होत्या तरी ती एकेक गोष्ट आठवून सांगत होती. सासरे पुढे झुकून ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला.

“तू थांब जरा, बाई. जावईबापूंना सांगू दे.”

“त्यांनी बी तेच बघितलं, बाबा,” बायको घाईने म्हणाली. “आमी शेजारीच होतो.”

“असू दे. त्यांच्या तोंडून ऐकतो.”

सगळे माझ्याकडे वळले. ज्या पोरीने सगळं बघितलं तिला गप्प करून मला बोलायचा मान दिला होता. तिचं ऐकलेलं तिच्याच शब्दांत फिरवून सांगता आलं असतं. पण सासऱ्यांचा तो उरलेला डोळा माझ्या तोंडावर लागला होता.

“मामा, मी काहीच बघितलं नाही,” मी म्हणालो. “भीतीनं डोळे मिटून बसलो होतो. चढलो तेव्हाच भ्यालो होतो.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सासऱ्यांनी माझा गुडघा चाचपला आणि त्यावर हात ठेवला. रागावले नव्हते. नवल वाटल्यासारखे हळू म्हणाले, “मग तवाच सांगायचं न्हाई का? मी उतरलोच नसतो.”

पुढच्या हुरड्याला फुगा आला नाही. त्याआधीच्या पावसाळ्यातच त्यांचा दुसरा डोळाही गेला. बायकोचं मनगट थंडीत अजून दुखतं. ती तसं म्हणत नाही, पण पिठाचा डबा उचलताना हात बदलते.

वालूरला गेलो की पहिला पाट अजून माझाच असतो. मी दुसऱ्या पाटावर बसून बघितलं, तर सासऱ्यांनी हाताने चाचपून मला उठवलं. पाहुणे आले की ते फुग्याची गोष्ट काढतात. दुधना कुठे वळते, वाळू कुठे उघडी पडलीय, गाव केवढंसं दिसतं, सगळं लेकीने सांगितलेलं. सांगून झालं की माझ्या दिशेला हात करून म्हणतात, “आमच्या जावयानं सोताच्या डोळ्यांनी बघितलंय.” आणि मी ताटातली भाकरी मोडत राहतो.