व्याह्यांची गाडी आणि माझं बोट

माझ्या व्याह्यांइतका यंत्रांवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या नाशिकरोडला दुसरा नसेल, आणि त्या विश्वासाचा इतका वाईट फायदा घेणारा माणूसही माझ्याशिवाय दुसरा नसेल. पहिली गोष्ट कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी मी आठ महिने लपवली, म्हणून आता लिहायला बसलो आहे.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. त्यांची सारी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. समोर बटणं, दिवे, काटे. प्रत्यक्ष यंत्र कुठेतरी भिंतीपलीकडे धडधडणारं. त्यामुळे यंत्राजवळ जाऊन ते सुरू करणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. मोबाइलवरून सुरू होणारी गाडी निघाली तेव्हा ती खास आपल्यासाठीच काढली आहे अशा थाटात त्यांनी ती घेतली. पहिल्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवली आणि हे मोबाइल घेऊन पायरीवर उभे राहिले. इंजिन सुरू झालं, पण गाडी जागची हलेना. मोबाइलवरून इंजिन आणि एसी सुरू होतो, गाडी चालत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "अहो, लिंबं सुकायला लागली, बसा आता आत!" दसऱ्याला त्यांनी गाडीला हार घातला आणि मोबाइललाही हळदकुंकू वाहिलं, कारण "खरी किल्ली तर हाच." कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं आणि खरी किल्ली दोन दिवस दुरुस्तीच्या दुकानात पडून राहिली. उन्हाळ्यात घरातला पंखा दोनवर असे, पण बाहेर निघायच्या दहा मिनिटं आधी गाडीतला एसी सुरू झालाच पाहिजे. एकदा भर मे महिन्यात विहीणबाई पोर्चमधल्या गाडीत बसून गवार निवडत होत्या. मी विचारलं, "कुठे निघालात?" म्हणाल्या, "कुठे नाही. घरात पंखा दोनवर आहे."

दर वेळी मोबाइलवर संदेश येई, 'इंजिन सुरू झाले', आणि ते तो वेळेसकट वहीत उतरवून घेत. कंट्रोल रूमची सवय. नोंद असेल तर ते घडलं, नसेल तर घडलं नाही. मधलं काही नाही. महिन्यातून एकदा ते येवल्याला थोरल्या बहिणीकडे जात. अक्का ऐंशीच्या पुढच्या, भाऊ यायचा म्हणून सकाळपासून ओट्यावर बसून राहायच्या. बरोबर मी असेच. आपल्याला काही झालं तर गाडी बंद करायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी ते ॲप, स्वतःच्याच नावाने, माझ्याही मोबाइलवर टाकून दिलं. मुलाच्या नाही, माझ्या. "पोरं कामात असतात. तुम्ही भरवशाचे."

मग एका रविवारी त्यांच्याकडे जेवताना ते सगळ्यांदेखत म्हणाले, "आमचे व्याही अजून स्कूटरला लाथा मारतात. दहा लाथांनी ती सुरू होते आणि हे बंद पडतात!" सगळे हसले, माझी लेकही हसली. मुलीचा बाप म्हणून बारा वर्षं मी त्या घरात कमी बोलत आलो होतो. घरी येऊन गच्चीवर गेलो. तिथून त्यांचं पोर्च दिसतं. दुपारचे तीन वाजले होते. मी मोबाइल काढला, ॲपवर बोट दाबलं आणि खाली त्यांच्या गाडीचं इंजिन सुरू झालं. व्याही बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात धावत आले आणि गाडीला प्रदक्षिणा घालू लागले. मी पोट धरून हसलो. पंधरा दिवसांत आणखी तीनदा बोट दाबलं.

मला वाटलं होतं, ते शोरूमवाल्यांशी भांडतील, मग मी सांगेन आणि आम्ही दोघं हसू. पण ते मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. "बघा. तीन वाजून सात मिनिटं. माझ्या नावावर आहे. म्हणजे मीच सुरू केली. मला आठवत नाही."

"मोबाइलचा काहीतरी घोळ असेल हो."

"नोंद आहे ना? मग झालंय."

सांगायची वेळ तीच होती. मी चहा टाकायला आत गेलो.

चौथ्या वेळेनंतर लेकीचा फोन आला. "बाबा, अण्णा गाडी सुरू करतात आणि विसरतात. उद्या गॅस विसरले तर?" मी म्हणालो, "काळजी घ्या." एवढंच म्हणालो. जावयांनी किल्ली काढून घेतली, व्याह्यांच्या आणि माझ्याही मोबाइलमधलं ॲप काढून टाकलं. माझ्यावर संशय कुणाच्या मनातही आला नाही. डॉक्टरांनी व्याह्यांना आजचा वार विचारला. त्यांनी तो बरोबर सांगितला, तरी घरी येऊन कॅलेंडरवर पाहिला. पाण्याची मोटर लावू का, हेसुद्धा ते विहीणबाईंना विचारू लागले. येवला बंद झालं. अक्का फोनवर विचारत, "कधी येतोस रे?" हे सांगत, "गाडीचं जरा काम निघालंय." शेजारी बसून मी ते ऐकत असे.

मागच्या आठवड्यात अक्का म्हणाल्या, "माझे आता किती दिवस राहिलेत? उरक ते काम." फोन ठेवून व्याही हळूच मला म्हणाले, "तिकडे गेलो आणि तिलाच ओळखलं नाही तर?"

तेव्हा मी सगळ्यांना हाक मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

"चारही वेळा?" व्याह्यांनी विचारलं.

"चारही."

लेक म्हणाली, "बाबा, आणि मी तुम्हाला फोन केला तेव्हा?" व्याही विहीणबाईंकडे वळून म्हणाले, "अगं, म्हणजे मी ठीक आहे." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मग त्यांनी मुलापुढे हात केला. जावयांनी किल्ली आणून दिली.

रविवारी ते येवल्याला निघाले. मी धुतलेला शर्ट घालून आमच्या फाटकाशी उभा होतो. गाडी हळू झाली, काच खाली आली.

"येऊ का?"

"आज नको." मग काच वर घेता घेता म्हणाले, "पुढच्या खेपेला बघू."

खेप महिन्याने असते. शर्ट पुन्हा धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे.