पिंपळखुटे साहेबांची गाडी आणि माझा कोबा

श्री. मनोहर पिंपळखुटे साहेबांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या गाडीच्या नाकामुळे झाली. ती गाडी भोपाळच्या अवधपुरीत आणि टाउनशिपमध्ये सगळ्यांच्या ओळखीची आहे. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची जपानी स्पोर्ट्स कार. इतकी बसकी, की व्हील अलाइनमेंटसाठी दुसऱ्या दुकानांत रॅम्पवर चढवायला गेलं की तिचं नाक घासायचं. माझ्याकडे रॅम्प नाही. जमिनीत खड्डा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा सपाट कोबा. गाडी सरळ आत येते. तो कोबा मी स्वतः घातला, पाण्याची नळी धरून लेव्हल स्वतः काढली, आणि हे मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "छान. मग येऊ आत?"

साहेबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी समितीने मला त्यांच्या गाडीच्या छंदावर काही हलकंफुलकं लिहायला सांगितलं आहे. हलकंफुलकं मला जमणार नाही, याची आधीच क्षमा मागतो. मला एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती ज्या लोकांत पसरली त्यांच्यासमोरच दुरुस्त करायची आहे.

पहिल्या दिवशी मी साहेबांना बरंच ज्ञान दिलं. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. जे शिकलो ते जुनी मॅन्युअलं वाचून आणि हात काळे करून. म्हणून समोर इंजिनियर दिसला की मी दोन वाक्यं जास्तच बोलतो. म्हटलं, स्पोर्ट्स कार आहे, पुढच्या चाकांना दोन डिग्री कॅम्बर देऊ. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा वरचा भाग किती आत कललेला आहे ते. वळणावर गाडी रस्ता सोडणार नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की अशाने टायरचा आतला काठ किती दिवस टिकेल? मी म्हणालो, लवकर जाईल. त्यावर ते म्हणाले, "मी रोज मंडीदीपला जातो. वाटेत शर्यत नसते, मिसरोदचा सिग्नल असतो."

मग आम्ही दोघांनी मिळून रोजच्या रस्त्याचं माप ठरवलं. पुढे पाऊण डिग्री, मागे सव्वा. पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जवळजवळ समांतर, मागची दोन मिलिमीटर आत वळलेली, म्हणजे गाडी हायवेवर डुलणार नाही. मी पाना हातात घेतला तर साहेब दार उघडून गाडीत जाऊन बसले. म्हटलं, साहेब, खाली उतरा, काम करायचंय. म्हणाले, "चालवताना मी आतच असतो ना? मग माझ्या वजनासकट मोजा." इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मॅन्युअलात असूनही मी केलं नव्हतं. तेव्हापासून एकट्याने चालवायच्या प्रत्येक हलक्या गाडीत मी मालकाला बसवूनच मोजतो.

साहेबांची कारकीर्द आपल्या टाउनशिपच्या मोठ्या कारखान्यात, इन्स्पेक्शन विभागात गेली. त्याबद्दल अधिकाराने लिहिणारे या अंकात पुष्कळ आहेत. मी फक्त त्यांच्या सेक्शनमधल्या तिवारीजींनी सांगितलेली एक गोष्ट लिहितो. साहेबांनी एकदा एका मिस्त्रीचा शाफ्ट माप चुकलं म्हणून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की मोजायचं गेज खिडकीतल्या उन्हात पडून तापलं होतं. शाफ्ट बरोबर होता. साहेबांनी सगळा सेक्शन गोळा केला आणि त्या मिस्त्रीचं नाव घेऊन माफी मागितली. तिवारीजी म्हणाले, "हम तो शर्म से ज़मीन देख रहे थे, और साहब आराम से खड़े थे."

निवृत्तीनंतर साहेब मंडीदीपच्या लहान कारखान्यांतल्या कामगारांना मोजमाप शिकवू लागले. रोज, विनामोबदला. एकदा त्यांनी मलाही तिथे नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, हे आमचे अलाइनमेंटचे तज्ज्ञ, आज हे शिकवतील. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. एक तास बोललो. परत येताना साहेबांनी माझ्या बोलण्यातली एक चूक सांगितली, तीही गाडीत, दोघंच असताना.

आता माझं काम सांगतो.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर साहेबांनी नवे टायर घातले आणि मी पुन्हा अलाइनमेंट केली. चार दिवसांनी ते आले. म्हणाले, गाडी डावीकडे ओढतेय. मी पुन्हा मोजलं, काटा बरोबर होता. म्हटलं, आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, सगळ्याच गाड्या थोड्या जातात. आठवड्याने पुन्हा आले. उजवीकडे उतार असलेल्या रस्त्यावरही चालवून पाहिली, तरी डावीकडेच जाते म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की कोब्याची लेव्हल शेवटची कधी पाहिली होती? मी म्हणालो, "घातला तेव्हा. साहेब, कोबा आहे तो, खाट नाही हलायला." साहेब हसले.

त्या दिवशी मी गाडी फिरवून आणली होती. मला काहीच जाणवलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. जाणवलं होतं.

तिसऱ्या वेळी ते आले तेव्हा दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती, आपल्या मराठी मंडळाचे दोघं होते. साहेबांनी तेच, तितक्याच शांतपणे सांगितलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, गाडी सरळ आहे. तुमचा हात थरथरतो, त्याला मी काय पाना लावू?" लोक हसले. मीही हसलो. साहेब म्हणाले, "असेल," आणि गाडी घेऊन गेले.

आपलं मराठी वर्तुळ केवढंसं. पंधरा दिवसांत बातमी साहेबांच्या घरी पोचली आणि त्यांची मुलगी मंजिरीताई माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, तुम्ही रोज गाड्या आणि माणसं बघता, खरं सांगा, बाबांनी गाडी चालवावी का? मला तिथे थांबता आलं असतं. मी म्हणालो, "ताई, मी तुमच्या जागी असतो तर किल्ली काढून घेतली असती."

त्यांनी काढून घेतली. गाडीवर कव्हर चढलं. साहेब काही आठवडे बसने मंडीदीपला गेले, मग गुडघ्याने साथ सोडली आणि वर्ग बंद झाला. मंडळात बोललं जाऊ लागलं, की साहेब थकले हो. दुसऱ्या कुणाची तक्रार येत नव्हती, म्हणून माझी मान ताठ होती. तक्रार येणार कशी? साध्या गाड्यांना बहुधा कॅम्बर फिरवायची सोय नसते. त्यांच्या चाकांचं तोंड फक्त समांतर करायचं असतं, आणि त्या मापाला जमिनीच्या लेव्हलशी देणंघेणं नसतं. कॅम्बरला असतं.

आठ महिन्यांनी इंदूरचा एक माणूस तसलीच बसकी गाडी घेऊन आला आणि दोन दिवसांनी परत आला. डावीकडे ओढते. मी रस्त्याच्या उताराचं पुराण लावलं. तो म्हणाला, "भैया, इंदौर की सारी सड़कें भी आपकी दुकान से नापकर बनी हैं क्या?" तो गेल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, शटर अर्धं ओढून मी पाण्याची नळी काढली. डावी बाजू सहा मिलिमीटर वर. साडेपाच नाही, सात नाही, तीनदा मोजलं. शेजारच्या नव्या इमारतीचं पाणी डाव्या बाजूला मुरत होतं. इथली काळी माती पाणी प्याली की फुगते, हे भोपाळात घर बांधणारा कुणीही सांगेल. सहा मिलिमीटर म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत मिळून अर्ध्या डिग्रीचा फरक. गाडी डावीकडे जाणारच.

मी कोबा फोडून नवा घातला. इंदूरवाल्याला बोलावून त्याची गाडी नीट केली. साहेबांकडे मात्र अकरा दिवस गेलो नाही. हे लिहायची गरज नव्हती, पण अर्धी कबुली मला लिहायची नाही.

बाराव्या दिवशी गेलो. साहेब अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मला बसवलं, काकूंना चहा टाकायला सांगितला आणि विचारलं, लेव्हलमध्ये किती चूक निघाली? सहा, म्हटलं. ते म्हणाले, त्यांचा अंदाज पाचचा होता.

मला कळेना. म्हटलं, साहेब, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत? एवढे महिने लोक काय काय म्हणत होते.

"माहीत नव्हतं, शंका होती," साहेब म्हणाले. "मोजल्याशिवाय मी कधी कुणाचा माल परत पाठवला नाही. तुमच्या दुकानात नळी घेऊन मी कसा येणार? एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, कोबा हलत नाही." मग स्वतःचा हात पुढे धरून बघत म्हणाले, "आणि हात थरथरतो हे खरंच आहे. पण थरथरणारा हात गाडी दोन्हीकडे नेतो हो. एकाच बाजूला नाही."

एवढी साधी गोष्ट! अलाइनमेंटच्या तज्ज्ञाला सुचली नव्हती.

मंजिरीताईंना मी सांगावं, असं साहेबांनीच सुचवलं. ते स्वतः बोलले असते तर हट्ट वाटला असता. मी जमीन, माती, डिग्री, सगळं समजावत राहिलो. ताई ऐकून म्हणाल्या, "किल्ली काढून घ्या हे तुम्ही एका वाक्यात सांगितलं होतंत. आता अर्धा तास लागतोय." त्यांनी आधी साहेबांचे डोळे आणि हात डॉक्टरांना दाखवले. मग मी साहेबांना आत बसवून गाडीची अलाइनमेंट केली, आणि ताई शेजारी बसून मंडीदीपला जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी किल्ली वडिलांच्या हातात दिली. माझ्याशी त्या अजून बेताचंच बोलतात. बरोबर आहे.

साहेबांचा वर्ग पुन्हा सुरू झाला. पण माझं ते वाक्य अजून फिरतंय. परवा मंडळाच्या कार्यक्रमाला साहेब स्वतः गाडी चालवत आले, तर निघताना दोघा कार्यकर्त्यांनी त्यांना घरी सोडायचा आग्रह धरला. गाडी सुरू झाली तेव्हा एका बाईंनी आपल्या नातवाला हात धरून मागे ओढलं. साहेबांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. म्हणून हा लेख. मी ते वाक्य बोललो तेव्हाही साहेब सरळच चालवत होते. वाकडी माझी जमीन होती, आणि त्याहून जास्त माझी जीभ. ज्यांनी दुकानात ते वाक्य ऐकलं, त्यांनी ते जिथे जिथे नेलं तिथे हेही न्यावं. तरी कुणाला शंका उरलीच, तर त्या गाडीत दुसरी सीट आहे. मंडीदीपपर्यंत बसून यावं.

साहेबांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे डोळे शाबूत राहोत, गुडघे साथ देवोत, काकूंचा आणि त्यांचा सकाळचा चहा अनेक वर्षं एकत्र होवो, मंडीदीपचा वर्ग भरत राहो. आणि कधीतरी गाडी थांबवायची वेळ आलीच, तर ती साहेबांनी स्वतः मोजून ठरवावी. कुणाच्या सांगण्यावरून नाही, आणि माझ्या तर नाहीच नाही.