आमच्या दुकानातला ट्रेबल आता वैशाली लावते

शनिवारी दुपारी साकीनाक्याला आमच्या दुकानासमोर मी एका गाडीच्या मागे उभा राहून मिनिटभर हॉर्न वाजवला, आणि त्या दिवसापासून मी जाम खूश आहे... सगळं सांगतो.

ओळख नसलेल्यांसाठी... मी गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवतो, बावीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात कामाची एकच परीक्षा असते. काचा बंद करून कारागिराने आत बसायचं, आवाज फुल्ल करायचा, आणि गिऱ्हाइकाने मागे उभं राहून नंबरप्लेट थरथरते का ते बघायचं. थरथरली की पास. मी ही परीक्षा दिवसातून चार-पाच वेळा द्यायचो, तीही कॉलर ताठ करून.

गेल्या दिवाळीनंतर केलेल्या गाड्या परत यायला लागल्या. भाऊ, आवाज टोचतोय, कानात सुया घातल्यासारखं होतंय... सगळ्यांचं रडगाणं एकच. मी प्रत्येकाला सांगायचो, तुम्हाला चांगल्या साउंडची सवय नाही.

चौथी गाडी परत आली तेव्हा माझी बायको वैशाली दुकानात होती. ती गाडीत बसली, मी गाणं लावलं, आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाली, "अरे, एवढा ट्रेबल कोणी चढवलाय?"

ट्रेबल म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज, आणि तो मीच चढवला होता. मला तो अगदी बरोबर वाटत होता.

त्याच आठवड्यात ती मला घाटकोपरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे बंद केबिनमध्ये हेडफोन लावून बसवतात, बीप ऐकू आला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच येईना, म्हणून मी मशिनवरच्या बाईंना काचेतून खूण केली... वायर लूज असेल, मी बघू का? वायर ठणठणीत होती. बीप वाजत होते, मला ऐकू येत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेलेत, ते आता परत येणार नाहीत. उरलेलं सांभाळायचं असेल तर बंद गाडीत फुल्ल आवाजात बसणं आजपासून बंद. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. कान गेले तर दुकान गेलं, आणि परीक्षा दिली नाही तरी दुकान गेलं... इकडे आड तिकडे विहीर.

मग घरी बसून ठरवलं. वायरिंग मी करायचं, बेस-ट्रेबल वैशालीने लावायचा, आणि नंबरप्लेटचा नाद सोडायचा. पहिल्याच महिन्यात तीन गिऱ्हाइकं समोरच्या स्टिरिओच्या दुकानात गेली. एक जण जाता जाता म्हणाला, तुम्ही म्हातारे झालात. मी सत्तेचाळीसचा आहे हो.

तर शनिवारी दहिसरचा एक तरुण आला. नवीकोरी गाडी, डिकीत मोठा वूफर बसवायचा होता. फिटिंग झालं आणि साहेब म्हणाले, "भाऊ, नंबरप्लेट हलली पाहिजे बस. गल्लीत शिरलो की पब्लिकला कळलं पाहिजे ना."

मी म्हटलं, मी आत बसणार नाही, तू बस. काचा लाव, हवा तेवढा आवाज कर, फक्त एक मिनिट. मी मागे स्कूटर घेऊन उभा राहतो.

त्याने गाणं लावलं. मी त्याच्या बंपरला चिकटून हॉर्न दिला... एकदा, दोनदा, मग बटण दाबूनच धरलं. शेजारचा चहावाला बाहेर आला, समोरच्या दुकानवाल्याने शिवी घातली. हा आत मान डोलवत बसलेला.

शेवटी मी काचेवर टकटक केली आणि विचारलं, किती हॉर्न ऐकलेस? त्याचं उत्तर, "तुम्ही वाजवलाच कुठे?" यावर चहावाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या तरुणाने स्टिरिओ बंद केला. मग हळूच म्हणाला, "मागच्या रविवारी आई मागे बसली होती. तिला मळमळत होतं, ती गाडी थांबव, थांबव म्हणत होती... मला ऐकूच आलं नाही यार. तेव्हा तर वूफर पण नव्हता."

मी वैशालीला हाक मारली.

ती पुढच्या सीटवर बसली आणि अर्धा तास निवांत सेटिंग करत राहिली. आवाज निम्म्यावर, बेस गाण्यापुरता, ट्रेबल तिच्या कानाने. मी मागून एकच साधा हॉर्न दिला, त्याने लगेच आरशात बघितलं.

मग तेच गाणं पुन्हा लागलं. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, यात बासरी पण आहे?" वैशाली म्हणाली, आहे ना, पहिल्यापासून आहे. मला ती ऐकू आली नाही, यापुढेही येणार नाही. थोडं वाईट वाटलं... पण त्याचं तोंड बघून कळत होतं की काम झकास झालंय.

रविवारी त्याचे दोन मित्र गाड्या घेऊन आले. नंबरप्लेटचं कुणी नावही काढलं नाही, दोघांनी बसल्या बसल्या विचारलं, सेटिंग वहिनीच करणार ना?

आणि काल समोरचा दुकानवाला रस्ता ओलांडून आला. इकडचं तिकडचं बोलला, चहा प्यायला, मग म्हणाला, "वहिनींना सांग ना, माझी एक गाडी बघायला. तिसऱ्यांदा परत आलीय... आवाज टोचतोय म्हणतात."

शनिवारची शिवी माझ्या लक्षात होती, त्यामुळे टोमणा अगदी जिभेवर आला होता. पण मी त्याला एवढंच विचारलं, तुला टोचतो का? तो नाही म्हणाला.

मग मी त्याला घाटकोपरच्या केबिनमधल्या त्या बीपचं सगळं सांगितलं. जाताना तो डॉक्टरचा पत्ता घेऊन गेला, उद्या सकाळी वैशाली त्याला सोबत नेणार आहे. तो पत्ता म्हणजे बावीस वर्षांत आमच्या दुकानातून गेलेली सगळ्यात चांगली गोष्ट... आणि तिचं श्रेय माझ्या बायकोच्या कानांना.